सेसिल टेलर यांचा ‘सायलेंट टंग्ज’: मोकळ्या वादनातली बांधणी

अमेरिकी जॅझ पियानोवादक सेसिल टेलर यांचा ‘सायलेंट टंग्ज’ हा एकल पियानोवादनाचा अल्बम ज्यांना पहिल्यांदाच ऐकायचा असेल, त्यांनी तो शेवटाकडून ऐकावा असे मी सुचवेन. अल्बमच्या अखेरीस ‘जिटनी नंबर 2’ आणि ‘आफ्टर ऑल नंबर 2’ अशा दोन छोट्या रचना आहेत. पहिली सुमारे चार मिनिटांची आहे आणि दुसरी तीन मिनिटांच्याही आत आटोपते. मुख्य वादन संपल्यावर श्रोत्यांच्या आग्रहाखातर टेलर यांनी त्या वाजवल्या, आणि नावांवरून कळते त्याप्रमाणे त्यांतील सामग्री त्याच मैफलीत आधी येऊन गेलेली आहे. फ्री जॅझविषयी, म्हणजे ठरलेला ठेका आणि स्वरसंगती यांची चौकट सोडून केलेल्या जॅझवादनाविषयी, सर्वाधिक वेळा घेतला जाणारा आक्षेप असा की, वादक हाताला सापडेल ते वाजवत सुटतो आणि श्रोत्याने त्यात अर्थ शोधत बसायचे. या आक्षेपाला माझ्या मते या दोन छोट्या रचनांइतके नेमके उत्तर दुसरे नाही. इतका वेळ सर्व ताकदीनिशी वाजवल्यानंतर जो वादक पुन्हा त्याच स्वरवाक्यांकडे वळतो, ती चार मिनिटांत आटोपशीरपणे मांडतो आणि तरीही आधीच्या मांडणीची नक्कल होऊ देत नाही, त्याच्या मनात आराखडा होता हे मान्य करावे लागते. तो आराखडा कोणत्या प्रकारचा होता, एवढ्याच प्रश्नाविषयी मला येथे लिहायचे आहे.

ही मैफल 2 जुलै 1974 रोजी स्वित्झर्लंडमधील माँत्रो जॅझ महोत्सवात झाली. जिनिव्हा सरोवराच्या काठी 1967 पासून भरणारा हा महोत्सव तोवर युरोपात चांगलाच नावारूपाला आलेला होता. टेलर त्या वेळी 45 वर्षांचे होते. मंचावर ते एकटे होते, म्हणजे ड्रम नाहीत, बास नाही, आणि 1960 च्या दशकाच्या आरंभापासून त्यांच्या जवळजवळ प्रत्येक चमूत असलेले अल्टो सॅक्सोफोनवादक जिमी लायन्सही नाहीत. मुख्य रचना पाच भागांची आहे: ‘अ‍ॅबिस’, ‘पेटल्स अँड फिलामेंट्स’, ‘जिटनी’, ‘क्रॉसिंग’ आणि ‘आफ्टर ऑल’. यांपैकी पहिले तीन भाग सलग वाजवलेले असून ध्वनिमुद्रिकेवर ते एकाच लांब पट्टीत, म्हणजे 18 मिनिटांच्या थोड्या पुढे जाणाऱ्या ट्रॅकमध्ये येतात. ‘क्रॉसिंग’चे मात्र दोन तुकडे झालेले आहेत, आणि त्यामागे संगीतविषयक कारण नसून तबकडीच्या एका बाजूवर मावणाऱ्या वेळेची मर्यादा आहे. पहिली बाजू संपते तेथे हा भाग थांबतो आणि तबकडी उलटल्यावर पुन्हा सुरू होतो. आज हा अल्बम सलग ऐकता येत असला तरी ती फट कानाला जाणवते, आणि अशा सलग चढत जाणाऱ्या वादनात ती मला दरवेळी खटकते.

आता आरंभाकडे जाऊ, कारण या संगीताची गुरुकिल्ली पहिल्या काही मिनिटांतच हाती येते. ‘अ‍ॅबिस’ची सुरुवात धडाक्याने होत नाही. मोजक्या स्वरांचे एक तुटक वाक्य येते, मग थांबा येतो, मग तेच वाक्य किंवा त्याचा एखादा अवयव वेगळ्या उंचीवर पुन्हा उमटतो. खर्जातून एखादे विधान व्हावे आणि वरच्या सप्तकातून त्याला प्रतिसाद मिळावा, अशी ही रचना आहे. प्रतिसाद कधी विधानाची पुनरावृत्ती असतो, कधी त्याचा उलटा आकार असतो, कधी फक्त त्याची लय घेऊन स्वर बदललेले असतात. हळूहळू विधान आणि प्रतिसाद यांमधले अंतर कमी होत जाते, थांबे लहान होतात, आणि एका क्षणी दोन्ही आवाज एकमेकांवर चढतात. नवख्या श्रोत्याला गोंगाट वाटतो तो नेमका या टप्प्यावर. पण ज्याने पहिली काही मिनिटे लक्षपूर्वक ऐकली आहेत, त्याच्या कानात ते मूळ वाक्य पक्के बसलेले असते, आणि नंतरच्या दाट वस्त्रातही त्याचे धागे दिसत राहतात.

ही सवय टेलर यांच्या सर्वच एकल वादनात आढळते. ते लांबलचक सुरावट बांधून तिच्यावर स्वरालंकार चढवत नाहीत. तीन, चार किंवा पाच स्वरांचा एक लहानसा पुंजका घेऊन ते त्याला सगळ्या पियानोभर फिरवतात. एक पुंजका पुरेसा हाताळून झाला की दुसरा येतो आणि पहिला कधीतरी अनपेक्षितपणे परततो. 88 पट्ट्यांचा संपूर्ण विस्तार वापरणारे पियानोवादक पुष्कळ आहेत, परंतु टेलर यांच्याकडे या विस्ताराला स्थानाचा अर्थ आहे. एकाच स्वरसमूहाचे अगदी खालच्या पट्ट्यांवरचे रूप आणि अगदी वरच्या पट्ट्यांवरचे रूप ही त्यांच्या दृष्टीने दोन वेगळी पात्रे असतात आणि त्यांच्यात संवाद घडवणे हेच वादकाचे काम असते.

त्यांच्या हातांविषयीही येथेच सांगायला हवे. टेलर पट्ट्यांवर बोटांनी वाजवतात तसे तळव्यांनी, मुठीने आणि कधी कोपरापर्यंतच्या हाताने वाजवतात, ही गोष्ट त्यांच्याविषयीच्या प्रत्येक लेखात येते आणि बहुधा नवलाईच्या सुरात येते. शेजारशेजारच्या अनेक पट्ट्या एकदम दाबून जो स्वरगुच्छ निघतो, त्याला संगीतात क्लस्टर म्हणतात, आणि विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातील युरोपीय व अमेरिकी संगीतकारांनी तो आधीच वापरलेला होता. टेलर यांचे वैशिष्ट्य असे की त्यांचे क्लस्टर आश्चर्याचे धक्के म्हणून सुटे येत नाहीत, ते वाक्याचा भाग म्हणून येतात. ‘क्रॉसिंग’मध्ये हे अगदी जवळून ऐकता येते. दोन्ही हात आळीपाळीने इतक्या वेगाने पडतात की त्यांतून एकच सलग रेषा तयार होते, आणि त्या रेषेच्या टोकांवर, म्हणजे जेथे बोलताना आपण शब्दावर जोर देऊ तेथे, क्लस्टरचा आघात येतो. आघात झाल्याबरोबर हात तेथून उचललेला असतो आणि पुढची रेषा दुसऱ्याच सप्तकात सुरू झालेली असते. एवढ्या वेगातही प्रत्येक स्वर सुटा ऐकू येतो. मुठीने वाजवणाऱ्या या माणसाचे बोटांवरचे नियंत्रण कोणत्याही अभिजात मैफलीत शोभावे असे होते, हे ऐकणाऱ्याला येथे आपोआप कळते.

ब्रिटिश लेखिका आणि छायाचित्रकार व्हॅल विल्मर यांनी टेलर यांच्या पियानोचे वर्णन करताना स्वरात लावलेल्या 88 ढोलांची उपमा वापरली होती. ही उपमा गाजली आणि ती योग्यही आहे, कारण पियानोचे तालवाद्य असणे टेलर यांनी जितके गांभीर्याने घेतले तितके फार थोड्यांनी घेतले असेल. मात्र तिच्यामुळे टेलर यांच्या वादनाची एक बाजूच लोकांच्या मनात राहिली असे मला वाटते. नृत्याचा संदर्भ त्यांच्या स्वतःच्या बोलण्यात वारंवार येतो. नर्तक अवकाशात झेप घेतो तशा झेपा आपण पियानोवर घेण्याचा प्रयत्न करतो, अशा अर्थाचे त्यांचे विधान प्रसिद्ध आहे. पुढे त्यांनी बॅले नर्तक मिखाईल बारिश्निकोव्ह आणि जपानी नर्तक मिन तानाका यांच्यासह कार्यक्रमही केले. ढोल आणि झेप या दोन प्रतिमा शेजारी ठेवल्या की चित्र पुरे होते. ढोलात आघात आहे, तर झेपेत आघातापूर्वीचा आणि आघातानंतरचा हवेतला काळ आहे. ‘सायलेंट टंग्ज’मध्ये हा हवेतला काळ जितका स्पष्ट ऐकू येतो तितका त्यांच्या चमूसह केलेल्या ध्वनिमुद्रणांत येत नाही, कारण तेथे ती जागा ड्रमवादकाने भरलेली असते.

ठेका नाही मग लय कोठून येते, हा प्रश्न येथे स्वाभाविकपणे उभा राहतो. पायाने धरता येईल असा समान अंतराचा ठोका या अल्बममध्ये क्वचितच आणि क्षणभरच सापडतो. त्याच्या जागी जे आहे ते श्वासाच्या जवळचे आहे. ताण साठत जातो, एका बिंदूला फुटतो आणि ओसरतो, आणि पुढची लाट आधीच्या लाटेपेक्षा किंचित लांब किंवा किंचित आखूड असते. जॅझमध्ये ज्याला स्विंग म्हणतात त्याची व्याख्या करणे कठीण आहे. तरीही स्वर ठोक्याच्या जरासा पुढे किंवा मागे ठेवून निर्माण केलेली ओढ हा त्याचा गाभा मानला, तर ठोका काढून टाकल्यावरही ती ओढ शिल्लक ठेवणे टेलर यांना साधले होते असे म्हणावे लागेल. ‘जिटनी’मध्ये डाव्या हाताच्या तुटक उसळ्या ऐकल्या की हार्लेममधील जुन्या स्ट्राइड पियानोवादकांची आठवण होते. त्यांचा डावा हात खालचा एकटा स्वर आणि मधली कॉर्ड (एकदम वाजवलेला स्वरसमूह) यांमध्ये सतत उड्या घेत असे. त्या उड्यांमधली नियमितता येथे गेली आहे, परंतु उडी तशीच आहे.

हा वारसा टेलर यांनी कधी नाकारला नाही, उलट आपण जॅझ संगीतकार आणि पियानोवादक ड्यूक एलिंग्टन यांच्या परंपरेतील आहोत हे ते आवर्जून सांगत. न्यूयॉर्कमध्ये 1929 साली जन्मलेल्या टेलर यांना आईने लहानपणीच पियानोला बसवले. 1950 च्या दशकाच्या आरंभी त्यांनी बॉस्टनच्या न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीत शिक्षण घेतले आणि तेथे बार्टोक, स्ट्राविन्स्की या आधुनिक अभिजात संगीतकारांच्या संगीताचा परिचय करून घेतला. 1956 मध्ये ध्वनिमुद्रित झालेल्या ‘जॅझ अ‍ॅडव्हान्स’ या त्यांच्या पहिल्या अल्बमवर जॅझ पियानोवादक थेलोनियस मंक यांची रचना आहे, एलिंग्टन यांची आहे आणि कोल पोर्टर यांचे गाणेही आहे. तो अल्बम आज ऐकताना गंमत अशी वाटते की साथीदार ठेका धरून ठेवत आहेत आणि पियानो त्या ठेक्याच्या चौकटीला आतून धक्के देत आहे. 1962 च्या नोव्हेंबरमध्ये कोपनहेगनच्या काफे माँमार्त्रमध्ये जिमी लायन्स आणि ड्रमवादक सनी मरे यांच्यासह जे वादन ध्वनिमुद्रित झाले, त्यात ती चौकट जवळजवळ गळून पडलेली होती. 1966 मध्ये ब्लू नोट या नामांकित कंपनीसाठी त्यांनी ‘युनिट स्ट्रक्चर्स’ आणि ‘कॉन्किस्टाडोर’ हे दोन अल्बम केले, आणि बहुतेक समीक्षक त्यांचा उल्लेख करताना याच दोन नावांपासून सुरुवात करतात.

परंतु या काळात त्यांच्या हाताला काम फारसे नव्हते. ‘डाउनबीट’ या अमेरिकी जॅझ मासिकाच्या समीक्षकांनी 1962 मध्ये त्यांना उगवता तारा म्हणून निवडले तेव्हाही क्लबचालक त्यांना बोलावण्यास उत्सुक नव्हते, आणि पोटासाठी त्यांनी उपाहारगृहात भांडी घासण्याचेही काम केले. मैफली नसताना ते आपल्या खोलीत मनातल्या श्रोत्यांसमोर पूर्ण मैफल वाजवत, असे त्यांच्याविषयी सांगितले जाते. या एकांतातील वादनाचा आणि पुढच्या एकल अल्बमांचा संबंध मला फार जवळचा वाटतो. साथीला कोणी नाही म्हणून वादन थांबवायचे नाही, उलट साथीदारांची सगळी कामे दोन हातांत वाटून घ्यायची, ही शिस्त त्या वर्षांत अंगी मुरली असली पाहिजे. 1970 च्या दशकाच्या आरंभी ते विस्कॉन्सिन विद्यापीठात आणि नंतर ओहायोतील अँटिऑक कॉलेजमध्ये शिकवत होते. याच अँटिऑकमध्ये मार्च 1973 मध्ये झालेले एकल वादन त्यांनी ‘इंडेंट’ या नावाने स्वतःच्याच युनिट कोअर या लेबलवर प्रसिद्ध केले. ‘सायलेंट टंग्ज’ त्यानंतर सव्वा वर्षाने आला. दोन्ही लागोपाठ ऐकले तर फरक कळतो. ‘इंडेंट’मध्ये सामग्री तशीच दाट आहे, पण माँत्रोमध्ये भागांच्या सीमा अधिक स्पष्ट आहेत आणि प्रत्येक भागाचा स्वभाव वेगळा आहे.

आराखड्याच्या प्रश्नाकडे पुन्हा वळतो. टेलर आपल्या चमूला रचना शिकवताना पाच रेघांच्या छापील लिपीवर अवलंबून राहत नसत. ते स्वरांची अक्षरे कागदावर लिहून देत किंवा पियानोवर वाजवून दाखवत, आणि ती सामग्री कशा लयीत, कोणत्या क्रमाने, किती वेळा घ्यायची हे वादकांनी सरावातून शोधायचे असे. ‘युनिट स्ट्रक्चर्स’सोबतच्या आपल्या काव्यमय टिपणात त्यांनी रचनेच्या टप्प्यांना ‘अ‍ॅनाक्रूसिस’, ‘प्लेन’ आणि ‘एरिया’ अशी नावे दिली होती. सोप्या भाषेत सांगायचे तर आधी उठाव, मग सामग्री जेथे पसरून ठेवली जाते ते मैदान, आणि मग त्या सामग्रीतून सगळे जण मिळून ज्यात शिरतात तो मोकळा प्रदेश. एकल वादनात दुसरे कोणी नसले तरी हे टप्पे राहतात. ‘अ‍ॅबिस’ ते ‘जिटनी’ या सलग 18 मिनिटांत उठाव आणि मैदान यांची अदलाबदल अनेकदा होते. एखाद्या ठिकाणी वादन अगदी मोकळ्या प्रदेशात पोहोचले आहे असे वाटत असतानाच टेलर थांबतात, खर्जातले एक जुने वाक्य ठेवतात, आणि श्रोत्याला पुन्हा मैदानावर आणून सोडतात.

आपल्याकडे रागसंगीत ऐकलेल्या कानांना येथे बढतीची आठवण होणे साहजिक आहे. मोजक्या स्वरांत रमणे, एकेक स्वर वाढवणे, आधी मंद्रात आणि मग तारसप्तकाकडे जाणे, वेग टप्प्याटप्प्याने वाढवणे या गोष्टी टेलर यांच्याकडेही दिसतात, आणि ख्याल ऐकण्याची सवय असलेल्या श्रोत्याचा संयम या अल्बमसाठी नक्कीच उपयोगी पडतो. तरी ही तुलना थोड्याच अंतरापर्यंत चालते. रागात स्वरांची मर्यादा आधीच ठरलेली असते आणि षड्ज सतत कानाशी असतो. टेलर यांच्याकडे असा स्थिर आधारस्वर नाही. त्यांच्या वादनात आधार मिळतो तो पुनरावृत्तीतून. एखादे वाक्य तिसऱ्यांदा आले की तेच काही काळापुरते घर बनते, आणि पुढचे वाक्य त्या घरापासून किती दूर गेले हे आपण मोजू लागतो. हे घर दर काही मिनिटांनी बदलत असल्यामुळे श्रोत्याला सतत सावध राहावे लागते. थकवा येतो तो यामुळे, आणि तो थकवा खरा आहे हे मान्य केले पाहिजे.

‘क्रॉसिंग’ हा भाग मला अल्बमचा मध्यबिंदू वाटतो. दोन्ही तुकडे मिळून तो 18 मिनिटांच्या आसपास भरतो आणि त्यातील बराचसा काळ तीव्रतेच्या अशा पातळीवर जातो की पुढे जाण्यासाठी जागाच उरली नसावी असे वाटते. टेलर यांची खरी कसोटी येथे लागते, कारण आवाज वाढवून तीव्रता वाढवता येण्याचा मार्ग बंद झालेला असतो. मग ते घनता बदलतात. दोन्ही हातांचे काम एका हाताकडे येते, मधली सप्तके रिकामी होतात आणि फक्त दोन टोके वाजत राहतात, किंवा स्वर लांबवणारे पेडल सोडून स्वर एकदम कोरडे केले जातात. ऐकताना आवाज तेवढाच राहिला आहे असे वाटते, पण आतली बांधणी पूर्ण बदललेली असते. दुसऱ्या तुकड्यात, माझ्या मते, काही जागा अशाही आहेत की जेथे हा बदल जितका लवकर यायला हवा होता तितका येत नाही आणि वादन आपल्याच वेगाच्या भरात थोडे पुढे वाहून जाते. एवढ्या मोठ्या आणि थेट मंचावर घडलेल्या वादनात अशा जागा असणे मला दोष म्हणून फार मोठा वाटत नाही, पण त्या आहेत.

त्यानंतर ‘आफ्टर ऑल’ येतो आणि मला या अल्बमवर सर्वाधिक प्रेम आहे ते या दहा मिनिटांसाठी. येथे वेग उतरतो. कॉर्ड पूर्ण उमलू दिल्या जातात, त्यांचा गुंजारव विरेपर्यंत थांबले जाते, आणि वरच्या स्वरांत एक अशी सुरावट डोकावते की जिला गाता येईल. एलिंग्टन यांच्या संथ रचनांतील दाट, किंचित कडवट स्वरसंगती येथे स्पष्टपणे ऐकू येते. टेलर यांच्या वादनात हळवेपणा नाही असे म्हणणाऱ्यांनी हा भाग ऐकलेला नसतो. मात्र हा हळवेपणा विसाव्याचा नाही. शांत वाक्याच्या मध्येच खालच्या पट्ट्यांवर एखादा आघात होतो, सुरावट दचकते, पुन्हा आपल्या जागेवर येते. आधीच्या सुमारे 36 मिनिटांत जे काही घडले त्याची जाणीव या भागातल्या प्रत्येक कॉर्डमध्ये आहे, आणि म्हणून तो सुटा काढून ऐकला तर सुंदर वाटतो, पण क्रमाने ऐकला तर हेलावून टाकतो.

मग ‘जिटनी नंबर 2’ आणि ‘आफ्टर ऑल नंबर 2’ ऐकताना मूळ भागांतील काय ठेवले गेले आहे आणि काय गाळले गेले आहे, यावर लक्ष द्यावे. ‘जिटनी’च्या दुसऱ्या रूपात तुटक उसळ्या आणि त्यांची दिशा तीच राहते, तर त्यांच्यामधला प्रवास नवा असतो. एखाद्या वाक्याचा आरंभ ओळखीचा वाटतो आणि शेवट भलत्याच सप्तकात होतो. लिहून ठेवलेली रचना अशी बदलत नाही, आणि निव्वळ लहर अशी परत येत नाही. दोन्हींच्या मधली ही तिसरी गोष्ट फ्री जॅझच्या केंद्रस्थानी आहे, आणि ती शब्दांत मांडणे कठीण जाते म्हणूनच इतके गैरसमज झाले असावेत.

हा अल्बम 1975 मध्ये अरिस्टा-फ्रीडमतर्फे अमेरिकेत उपलब्ध झाला आणि त्याच वर्षी ‘डाउनबीट’च्या समीक्षकांनी त्याला वर्षातील सर्वोत्तम अल्बम ठरवले. टेलर यांना त्या मासिकाच्या मानवंदनेच्या यादीत म्हणजे हॉल ऑफ फेममध्येही त्याच वर्षी स्थान मिळाले. त्याच वर्षाच्या जानेवारीत अमेरिकी पियानोवादक कीथ जॅरेट यांनी कलोन येथे जी एकल मैफल केली, तिचा अल्बम पुढे एकल पियानोच्या इतिहासातील सर्वाधिक खपाच्या अल्बमांपैकी एक ठरला. दोन्ही मैफली एकट्या पियानोवादकाच्या, दोन्ही युरोपात, दोन्हींत अंतर सहा-सात महिन्यांचे. जॅरेट यांच्या वादनात श्रोत्याला हात धरून नेणारी स्वरसंगती आहे, टेलर यांच्या वादनात श्रोत्याने स्वतः चालत यायचे असते. कलावंत तयारी करून येतो तशी श्रोत्यानेही तयारी करून यावी, अशी टेलर यांची भूमिका होती आणि तिच्यावर उद्धटपणाचा आरोपही झाला. मला ती भूमिका श्रोत्याचा मान राखणारी वाटते. ज्याच्याकडून काही अपेक्षा ठेवावी असा माणूस समोर बसलेला आहे, हे त्यात गृहीत धरलेले आहे.

तयारी म्हणजे सिद्धान्त शिकणे नव्हे. दुसरे काम करता करता पार्श्वभूमीला हा अल्बम लावला तर तो केवळ त्रास देतो, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे. पहिल्या बैठकीला अखेरच्या दोन छोट्या रचना दोन-तीनदा ऐकाव्यात, दुसऱ्या बैठकीला ‘आफ्टर ऑल’, आणि त्यानंतर आरंभापासून सलग. ऐकताना सुरावट शोधण्यापेक्षा आवाज कोणत्या उंचीवरून येतो आहे याकडे कान ठेवावा: खाली, वर, पुन्हा खाली. हा संवाद एकदा कानाला सापडला की वेगाची भीती वाटेनाशी होते.

यापुढे जायचे असेल तर ऑगस्ट 1976 मध्ये ऑस्ट्रियातील मोसहॅम किल्ल्यात वाजवलेला ‘एअर अबव्ह माउंटन्स’ घ्यावा. त्यात भागांच्या सीमा नाहीत, एकच अखंड वादन आहे, आणि ‘सायलेंट टंग्ज’ने शिकवलेले सगळे तेथे आधाराशिवाय वापरावे लागते. ज्यांना छोट्या रचनांचा आकार अधिक भावला असेल, त्यांनी त्याऐवजी 1986 मधील बर्लिनचे ‘फॉर ओलिम’ आधी ऐकावे. त्यात एक लांब रचना झाल्यावर अनेक आखूड तुकडे येतात, आणि त्यांपैकी काही इतके संक्षिप्त आहेत की माँत्रोमधल्या त्या तीन-चार मिनिटांच्या रचनाही त्यांच्यापुढे ऐसपैस वाटतात. टेलर यांना पुढे 1991 मध्ये मॅकआर्थर फेलोशिप आणि 2013 मध्ये क्योटो पुरस्कार मिळाला, आणि 5 एप्रिल 2018 रोजी ब्रुकलिनमधील घरी त्यांचे निधन होईपर्यंत त्यांच्या एकल वादनाचा मोठा साठा ध्वनिमुद्रित झालेला होता. त्या साठ्यात अधिक धाडसी अल्बम आहेत आणि अधिक परिपक्वही आहेत. सुरुवात कोठून करावी असे कोणी विचारले तर मी मात्र अजूनही माँत्रोचेच नाव घेईन, कारण तेथे वादकाने आपली सामग्री दोनदा मांडून दाखवली आहे, एकदा विस्ताराने आणि एकदा थोडक्यात, आणि अशी सोय त्यांनी फार वेळा करून दिलेली नाही.